गव्हावरचा जोंधळा

तुमी म्हनला पयल्यापासनं सांगा, तर सांगते, पन मधी थांबवू नका ताई, मी थांबले की मला रडू येतं आन रडनारी बाई मला सोताला आवडत न्हाई. माझं नाव शालन. माहेर साताऱ्याकडं, खटाव तालुक्यात, पान्याची बोंब असलेलं गाव. आमच्या घरात मारनं म्हंजी काय इशेष न्हवतं, बा आईला मारायचा, आई आमाला मारायची, आमी कोंबड्यांना मारायचो. नऊ वर्साची असताना आईनं मला भाकरीला बसवलं, हातात फुकनी घिऊन ती शेजारी बसायची, भाकरी थापताना कड चिरली की बोटांवर फुकनी. आमच्याकडं भाकरी म्हंजी बाईची अब्रू, जोंधळ्याची, पांढरीफेक, पातळ, कड न फाटलेली. तशी जमली तर आई शाबास म्हनायची न्हाई, फकस्त फुकनी खाली ठेवायची, तेवढंच आमचं कौतुक. गहू सनाला, पुरनपोळीपुरता, न्हाई तर पाव्हना आला तर चपाती. रोज चपाती खानारी मानसं म्हंजी आमाला कुनी तरी साहेबच वाटायची.

लगीन झालं तर मालक मुंबईला दाना बाजारात माथाडी, पोती व्हायचं काम. मंग बाजार मुंबईतनं हिकडं तुर्भ्याला आला, त्येच्या मागनं आमी पन आलो, नेरूळला सिडकोचं ल्हान घर मिळालं, दुसऱ्या मजल्यावर. शंभर किलोचं पोतं पाठीवर घिऊन पळनारा मानूस, त्याचा हात कसा असंल तुमीच इचार करा. मारला की दोन दिवस कानात वाजायचं. पन पोरीवर लई जीव. एकच पोरगी आमची, वैशाली, वैशी म्हनतो. मालक म्हनायचं, दिवसभर माझ्या पाठीवर गहू, माझ्या केसात गहू, माझ्या घरात भाकरी व्हनार न्हाई, माझी पोरगी चपाती खानार. भाकरीसाठी का गाव सोडलं आपून? मलाही पटायचं, खोटं कशाला सांगू. सकाळी उठून मी चपात्यांची चळत लावायची आन मंग लोकांच्या घरची धुनीभांडी करायला जायची.

वैशी आठ वर्साची झाली, तिसरीत व्हती, तेव्हा ते सुरू झालं. पानी प्यायची तर तांब्यावर तांब्या, आन सारखी लघवीला. शाळेत बाईंनी बाहेर सोडली न्हाई म्हनून वर्गातच झाली, घरी आली तर मी मारली. येवढी घोडी झालीस आन चड्डीत मुततीस म्हनून मारली, ताई. हातरुनात केली तरी मारली. वाळत चालली तर म्हनलं नखरे करती जेवायला. मंग एक दिवस शाळेतनं निरोप आला, पोरगी उठत न्हाई, तोंडाला कसला तरी वास येतोय पिकल्या फळागत. मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेली, तीन दिवस डोळं उघडलं न्हाई. डाक्टर म्हनलं साखर हाय. मी म्हनलं साखर म्हाताऱ्या मानसाला व्हती, ही आठ वर्साची. तर डाक्टर म्हनलं ही येगळी, ही पोरांची, हिला जन्मभर सुई लागनार, रोज दोनदा, एक दिवस चुकली तर पोरगी गेली.

सुई कुनी द्यायची? मालक पोतं उचलतील पन सुई बघून भिताडाकडं तोंड करून बसायचं. मंग मीच. काचेची सिरींज उकळायची, बाटली माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवलेली असायची, फ्रिज कुठला आला आमच्याकडं. सकाळी एका काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचं थेंब टाकायचं आन उकळायचं, हिरवं झालं तर बरं, विटकरी झालं की साखर लई वाढली. आन मंग पोरीला धरायची. ती पळायची, मोरीत लपायची, चावायची. ह्या हातावर बघा तिचं दात हायेत अजून. मी तिच्या मांडीवर गुडघा ठिऊन सुई मारायची. रोज दोनदा. शेजारच्यांना वाटायचं घरात कोंबडी कापत्यात.

आन सुई दिली की जेवन पोटात गेलंच पायजे, ह्ये मला डाक्टरांनी चांगलं दहा बाऱ्या बजावलेलं. सुई दिली आन खाल्लं न्हाई तर साखर खाली जाती, आकडी येती, मानूस जातं. आन काय खायाला द्यायचं, तर भात बंद, बटाटा बंद, गोड बंद, चपाती द्या म्हनले. मालकांना लई बरं वाटलं, म्हनलं बघ, डाक्टर पन चपातीच सांगतोय. पन वैशी चपाती बघितली की तोंड फिरवायची. आई, पोटात कळ येती. आई, खाल्लं की ढाळ व्हत्यात. मी म्हनायची नाटकं करती. सुई दिलेली हाय, आता घड्याळ चाललंय, मला दिसायचं की आता हिला घाम फुटंल, आता हिचं डोळं फिरतील, आन ही ताटासमोर बसून घास चिवडती. मंग माझं डोकं फिरायचं. आधी बोलायची, मंग लाटनं. लाटन्यानं मारायची, पाठीवर, पोटऱ्यांवर, खा म्हनून. तरी न्हाई खाल्लं तर नाक दाबायची, श्वास घ्यायला तोंड उघडलं की घास कोंबायचा, वरनं पानी. ती ओकली की त्याच ताटात परत चपाती. काय सांगू तुमाला, मी पोरीला मारत न्हवते, मी तिला मरू देत न्हवते, असं मला वाटायचं. अजून बी कधी कधी वाटतं, मंग माझी मलाच शिसारी येती.

आन येवढं खाऊन साखर उतरायचीच की. चपाती पोटात आन पोरगी घामानं थबथबलेली, दात वाजतायत, मला वळखत न्हाई. मी साखर चोळायची हिरड्यांना. मालक यिऊन मला मारायचं, तू तिला खायाला घालत न्हाईस म्हनायचं, डाव्या कानाचा पडदा तेव्हाच गेला. मी मार खायाची आन दुसऱ्या दिवशी दोन चपात्या जास्ती कोंबायची. अशी तीन वर्सं काढली, ताई. पोरगी अकरा वर्साची झाली आन दिसायची सात वर्सांची, हातपाय काडी, पोट तेवढं नगाऱ्यागत. सासू गावाकडनं म्हनायची, पोरगी जगत न्हाई, दुसऱ्याचं बघा.

मंग दवाखान्यात एक नवीन डाक्टरीनबाई आली, ल्हान चनीची, चष्मेवाली. तिनं वैशीचा फ्रॉक काढून तपासली, पाठीवरचं वळ बघितलं आन मला इचारलं, ह्ये कुनी केलं? मी म्हनलं मी केलं, जेवत न्हाई. तिला राग आला हे मला दिसलं, पन ती ओरडली न्हाई. म्हनली काय जेवत न्हाई? म्हनलं चपाती. भात देता का? म्हनलं भात तर तुमीच बंद केला. तर तिनं पोरीला दाखल करून घेतली, तोंडातनं नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला तपासाया. चार मानसांनी धरली व्हती पोरीला, मी बाहेर. आत तिचा आवाज यायचा, आई, आई, आई. दुसरं कुनाला हाक मारनार, बिचारी.

आठ दिवसांनी बाईनं मला समोर बसवलं. म्हनली शालनताई, हिला जेवन नको असं न्हाई, हिला गहू चालत न्हाई. म्हनली अंगात एक राखन असती, बाहेरच्या रोगाला मारायला ठेवलेली. हिच्या अंगातली राखन चुकलीय, ती घरच्यालाच मारायला लागलीय. आधी साखर जिरवनारं मारलं, आता गहू पोटात गेला की आतडंच मारती, म्हनून खाल्लेलं अंगी लागत न्हाई, म्हनून जेवून बी साखर उतरती. मी म्हनलं म्हंजी आमच्या घरागतच की वो बाई. ती हसली न्हाई. म्हनली गहू, रवा, मैदा, पाव, बिस्कीट, शेवया, सगळं जन्मभर बंद, चिमूटभर बी पोटात गेला तर चालायचं न्हाई. जोंधळा द्या, बाजरी द्या, नाचनी द्या, भात मोजून द्या. तीन वर्सं मी माझ्या हातानं, नाक दाबून, लाटन्यानं मारून जे पोरीच्या पोटात घातलं तेच तिला मारत व्हतं. मी काय केलं माहितीये का, मी दवाखान्याच्या भिताडावर डोकं आपटलं. एक आया म्हनली इथं नको, भिंत नुकती रंगवलीय.

दवाखान्यात महिनाभर मुगाचं वरन आन भात मोजून खाऊन पोरीच्या गालाला जरा रंग आला, ढाळ थांबलं, पोट उतरलं. घरी आनली आन मी भाकरी टाकली. मालकांनी ताटात भाकरी बघितली आन ताट माझ्या तोंडावर. हा बघा पुढचा दात, हा तेव्हाचा. म्हनलं त्या चष्मेवालीला काय कळतंय, माझी पोरगी भिकाऱ्यागत भाकरी खानार काय. मी रक्त पुसलं आन म्हनलं, मारा, अजून मारा, पन चपाती ह्या घरात आता लाटली जानार न्हाई, लाटनंच मी खाडीत टाकून आलेय. खरंच टाकलं व्हतं. तिसऱ्या दिवशी ते जोंधळ्याचं अर्धं पोतं खांद्यावर घिऊन आलं, आपटलं आन गेलं.

आता ऐका, इथनं पुढचं नीट ऐका. आमच्या सेक्टरात बबनची गिरनी व्हती. मी कामावर जाताना सकाळी डबा ठेवायची, येताना पीठ न्यायची. त्या पोत्यातल्या पयल्या डब्याची भाकरी काळपट आली, कारन बबननं माझा जोंधळा बाजरीच्या मागनं दळला, गिरनीत आधीचं पीठ राहतंच की, ते मागनं येनाऱ्यात उतरतं. मालकांनी ती भाकरी बघितली आन म्हनलं, ह्ये काय, जनावराला घालतीस का. मारलं न्हाई, पन हसलं. मला मार परवडला असता, ते हसनं न्हाई परवडलं. माझ्या आईनं बोटं फोडून शिकवलेली भाकरी, त्याला कुनी हसायचं? दुसऱ्या दिवशी मी गिरनीवर गेले आन बबनला झापला. म्हनलं आजपासनं माझा जोंधळा बाजरीवर टाकायचा न्हाई, गव्हावर टाकायचा, मला पीठ पांढरं पायजे. तो म्हनला बरं वहिनी. त्या दिवसापासनं भाकरी अशी आली, पांढरी, मऊ, थापताना कड फाटत न्हाई, कापडागत पसरायची. जुना जोंधळा असला की पिठाची विरी जाती, म्हंजी चिकटपना ऱ्हात न्हाई, भाकरी फुटती, पन माझी फुटायची न्हाई. मी शेजारनींना बोलवून दाखवायची. त्या म्हनायच्या शालन, कसली गं भाकरी. आन मी फुगायची.

दोन महिन्यांत वैशी परत उतरली. परत ढाळ, परत पोट, परत जेवून साखर खाली. डाक्टरीनबाईनं वजन केलं आन म्हनली, ही कुठं तरी गहू खाती. मी म्हनलं घरात कन न्हाई गव्हाचा. म्हनली मंग बाहेर खाती, शाळेत बघा, पोरं चोरून खात्यात, लक्ष ठेवा. तिचं काय चुकलं, तिला काय माहीत गिरनी. पन माझ्या डोक्यात किडा शिरला. मी पोरीच्या मागं मागं शाळेपर्यंत जायची, दप्तर उलटं करायची, तोंडाचा वास घ्यायची. खाल्लंस का? न्हाई आई. खाल्लंस का? आईशप्पत न्हाई. मारायची, परत इचारायची. आन एक दिवस वहीत बिस्किटाचा कागद सापडला, चकचकीत, इस्त्री केल्यागत सपाट केलेला. ती म्हनली मैत्रिनीनं खाल्लं, मला कागद आवडला म्हनून ठेवलाय. मी म्हनलं खोटं बोलतीस, येवढं रक्त आटवून तुला जगवतोय आन तू बिस्कीट खातीस.

दुपारची येळ व्हती. मी गॅस पेटवला आन उलथनं तापवलं. ती समजली, मोरीकडं पळाली, मी केसांना धरून ओढत आनली. म्हनलं खरं सांग, खाल्लंस का. न्हाई. मी टेकवलं, दंडाच्या आतल्या अंगाला. ती किंचाळली, न्हाई खाल्लं आई. परत तापवलं. परत टेकवलं. ताई, तुमी लिवताय ना, लिवा, गाळू नका. तिसऱ्यांदा टेकवलं तरी न्हाई म्हनली. चौथ्यांदा उलथनं नुसतं जवळ नेलं आन ती म्हनली हो, खाल्लं, मी खाल्लं, रोज खाते, परत न्हाई खानार. मला कसं वाटलं सांगू? मला बरं वाटलं. मला वाटलं सापडलं, आता पोरगी वाचली. मी तिच्या दंडाला तूप लावलं, जवळ घेतली आन संध्याकाळी पोटभर भाकरी खायाला घातली. त्याच पिठाची.

दवाखान्यात जाऊन सांगितलं, पकडली बाई, कबूल केलं तिनं. डाक्टरीनबाई म्हनली आता सुधारंल. न्हाई सुधारली. अजून खाली गेली, उठून बसायला भिताड लागायचं. मी म्हनलं अजून चोरती ही. शाळा बंद केली. बाहेरनं कडी घालून मी कामावर जायची, ताटात भाकरी झाकून. कोंडलेली पोरगी कुठनं बिस्कीट खानार, येवढं बी माझ्या डोक्यात आलं न्हाई. डोकंच न्हवतं, नुसती भीती व्हती, आन भ्यालेला मानूस लई वाईट मारतो.

दिवाळी तोंडावर आली, गिरनीला ही गर्दी. बबन म्हनला वहिनी, आज डबा ठिऊ नका, थांबून घिऊन जा, डब्यांची अदलाबदल व्हती. म्हनून मी पयल्यांदा तिथं उभी ऱ्हायले. माझ्या आधी एका बाईचा गव्हाचा डबा व्हता. तिचं पीठ संपलं, तिनं डबा उचलला, आन बबननं गिरनी बंद न करता वरनं माझा जोंधळा ओतला, खाली माझा डबा लावला. कापडाच्या नळीतनं पयलं पीठ पडलं ते मी हातात घेतलं. बाईमानूस पिठाला वळखत न्हाई काय? ऊन ऊन, पिवळसर, बोटाला रेशमागत. गहू. मी बघतेय आन ते पडतंय माझ्या डब्यात, मूठभर, दोन मुठी, मंग हळूहळू जोंधळ्याचं. चिमूटभर म्हनली व्हती डाक्टरीनबाई. हितं ओंजळ व्हती. बाजरीचं पीठ उतरलं ते काळं दिसलं म्हनून मला कळलं, गव्हाचं पांढऱ्यात पांढरं, ते बी उतरंल ह्ये डोक्यातच आलं न्हाई. दर डब्याला ओंजळ, म्हनून पिठाला चिकटपना, म्हनून कड फाटत न्हाई, म्हनून शेजारनी वा वा करत्यात.

मला पुढचं धड आठवत न्हाई. काट्यावर दोन किलोचं लोखंडी माप व्हतं ते मी उचललं आन बबनच्या डोक्यात घातलं. तो खाली बसला तर परत घातलं, खांद्यावर. बाया पळाल्या. त्याचं रक्त माझ्या पिठात पडलं, गिरनी चालूच, तिचा आवाज आन माझा आवाज, माझ्या पोरीला मारलंस, माझ्या पोरीला मारलंस. कुनी तरी मला मागनं धरलं. आन बबन, डोकं धरून, सगळं तोंड लाल, माझ्याकडं असा बघत व्हता जसं ल्हान पोर बघतं, आपून काय केलं म्हनून. म्हनला,

वहिनी, तुमीच सांगितलं व्हतं ना, गव्हावर टाक म्हनून.

त्याच्या आवाजात राग न्हवता, ताई. राग असता तर बरं झालं असतं.

पोलीस चौकीत नेलं. बाजारातनं मालकांना बोलावनं गेलं, ते पिठाच्या धुळीनं पांढरं झालेलं तसंच आलं, काय ऐकायच्या आत माझ्यावर हात उचलला. मी म्हनलं मारा, पन आधी ऐका. आन सांगितलं. पांढऱ्या भाकरीसाठी मी केलं, तुमी हसला म्हनून मी केलं, आन पोरीनं बिस्कीट खाल्लंच न्हवतं. त्यांचा हात तसाच वर ऱ्हायला. मंग त्यांनी तो सोताच्या तोंडावर मारून घेतला, एकदा न्हाई, हवालदारानं धरस्तोवर. बबनला सात टाके पडलं, तो पट्टी बांधून आला आन म्हनला मला तक्रार करायची न्हाई, माझं दोन दिवसाचं दळन बुडंल तेवढंच नुसकान. चांगला मानूस. आजपन मी त्याच्या गिरनीसमोरनं जाताना पदर घिऊन जाते.

घरी गेले, कडी काढली. वैशी भिताडाला टेकून बसलेली, ताटातली भाकरी अर्धी खाल्लेली. मी ती काढून घेतली आन तिच्यासमोर खाली बसले. म्हनलं वैशे, तू बिस्कीट खाल्लं न्हवतंस. म्हनलं गहू मीच घालत व्हते, गिरनीतनं येत व्हता, मीच सांगितलं व्हतं. ती उठली, भिताड धरून, आन मला मारायला लागली. मुठींनी, तोंडावर, डोक्यावर, छातीवर. काडीसारखं हात, पन त्यात काय व्हतं देवाला माहीत. बोलत न्हवती, रडत न्हवती, नुसती मारत व्हती. मालक दारात उभं, त्यांना मी हातानं खूण केली, येऊ नका. म्हनलं मार. हनुवटी वर करून दिली तिला.

मारता मारता तिचा हात सैल पडायला लागला. मला वाटलं दमली. मंग बघते तर कपाळावर घाम, ओठ पांढरं, नजर माझ्यातनं आरपार. साखर उतरली. सकाळची सुई, अर्धी भाकरी, ती बी अंगी न लागलेली, वरनं येवढी मारामारी. मी डबा ओढला, साखर घिऊन तिच्या गालात भरली, हिरड्यांना चोळली, गळ्याची घाटी दाबली गिळायला. ती माझ्या मांडीवर, डोळं पांढरं, साखर गिळती आन हात चाललाच हाय, हळू हळू, माझ्या पोटावर, थप, थप. सुद न्हाई तरी मारती. मी एका हातानं साखर भरवतेय आन दुसऱ्या हातानं तिचा हात धरला न्हाई, चालू दिला. थोड्या येळानं डोळं ठिकान्यावर आलं. म्हनली आई, तोंड कोरडं पडलंय. मी पानी पाजलं.

दुसऱ्या दिवशी मालक गावाला गेलं न सांगता. चौथ्या दिवशी आलं तर पाठीवर जातं, दोन्ही तळ्या, वरचा-खालचा दगड, पोत्यात बांधलेल्या, यष्टीतनं उतरून स्टँडापासनं तसंच चालत, दोन मजलं चढून. माझ्या आईचं जातं. पन त्यावर सनाला गहू दळलेला असनार, म्हनून टाकीवाला, म्हंजी छिन्नीनं दगडाला टाके पाडनारा, बोलवून त्याचं दोन्ही अंग नव्यानं ठोकून घेतलं, पान्यानं धुतलं, पयल्यांदा दोन पायल्या तांदूळ दळून पक्ष्यांना टाकलं. त्या दिवसापासनं ह्या घरात जोंधळा जात्यावर. पहाटे घरघर चालू झाली की खालच्या मजल्यावरची सोसायटीत तक्रार, सेक्रेटरी आलं, म्हनलं ह्ये काय गाव हाय का, सिलिंगची माती पडती. मी म्हनलं साहेब, माझी पोरगी जगती त्याचा आवाज हाय तो, कानात बोळे घाला. मालक मागं नुसतं उभं ऱ्हायलं, त्यांच्याकडं बघून सेक्रेटरी गेलं. आता माझा खांदा दुखतो तर कधी कधी मालक दळत्यात, दारं लावून, कुनी बघू नये म्हनून, आन दळताना जात्याला शिव्या घालत्यात. माझ्यावर हात त्या दिवसापासनं उचलला न्हाई. तोंड हाय तसंच हाय.

भाकरी आता फाटती. कड चिरती, जाड व्हती, काळी बी पडती. मी थापते आन फाटली की मला बरं वाटतं.

वैशी आता एकोनीस वर्सांची हाय. कालेजला जाती, सुई सोताची सोता घेती, शर्टाच्या बाहीत हात घालून, मी बघायच्या आत झालेली असती. उंची ऱ्हायली ती ऱ्हायलीच, माझ्या खांद्याला लागती. लग्नकार्यात डबा नेती, कुनी आग्रह केला तर सरळ न्हाई म्हनती, तिला कुनाची भीड न्हाई. दंडावरचं डाग ती झाकत न्हाई, कुनी इचारलं तर म्हनती भाजलं. कुनी भाजवलं ते सांगत न्हाई. मी म्हनलं एकदा, सांग की, माझं नाव सांग. तर म्हनली, तुझ्यासाठी न्हाई लपवत, मला त्यावर बोलायचं न्हाई.

तुमी मघाशी इचारलं, तिनं माफ केलं का. मी इचारलं न्हाई, ताई. इचारायचं तोंड कुठाय. पन रोज सकाळी मी ताट वाढते, ती समोर बसती, भाकरीचा तुकडा मोडती आन दोन बोटांनी तानून बघती, चटकन तुटतो का गव्हागत चिवट लागतो. मंग जिभेवर ठेवती, थांबती. मंग जेवती. जातं घरात, दळनारी मी, जोंधळा तिच्या बापानं निवडून आनलेला, हे सगळं तिला माहीत हाय, तरी रोज बघती, सात वर्सं झाली, एक दिवस चुकली न्हाई. पयलं पयलं मला लई लागायचं, वाटायचं म्हनावं अगं आता तरी. आता मी हात मांडीवर ठिऊन बसते, तिचं बघून होईस्तोवर मी बी घास घेत न्हाई. बघू दे. देवानं तिला लई आयुष्य द्यावं, आन तिनं असंच, माझ्यावर इश्वास न ठेवता, रोज तपासून, पोटभर जेवावं.